कातळमाथ्याचा दुसरा पखाली

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं किती ते कातळमाथ्यावर कुणालाच ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं त्यांचं एकमेकांशी जुळत नाही, या गावात हैबती नावाचा एक पखाली राहत होता.

गाव डोंगराच्या माथ्यावर होतं आणि पाणी डोंगराच्या पायथ्याशी. गाव वसवणाऱ्यांनी असं का केलं, याची दोन कारणं सांगतात. पहिलं, माथ्यावरून शत्रू लांबून दिसतो. दुसरं, वसवणारे पावसाळ्यात आले होते आणि त्यांना घाई होती. दुसरं कारण खरं असावं, कारण शत्रूनं चाल करून यावं असं काही कातळमाथ्यावर असल्याचा उल्लेख कोणत्याही कथेत सापडत नाही.

पायथ्याच्या डोहातून पाणी वर आणायचं काम हैबतीच्या घराण्याकडे होतं. पखाल म्हणजे सबंध कातड्याची शिवलेली मोठी पिशवी. ती डोहात भरायची, रेड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना तोलून बांधायची आणि चढण चढायची. या कामाचं बलुतं प्रत्येक घरातून सुगीला धान्याच्या रूपानं मिळे. देवळात सणाचा पहिला तांब्याही हैबतीच्याच हातचा असे, आणि बलुत्यापेक्षा या तांब्याची त्याला अधिक मातब्बरी वाटे. रेड्याचं नाव सुभेदार होतं. तो चालायचाही सुभेदारासारखाच, म्हणजे स्वतःच्या मर्जीनं, असं म्हणतात. हैबतीच्या बायकोचं नाव साळू. ती कमी बोलायची असं मात्र कुणीही म्हणत नाही.

माथ्याच्या अगदी टोकाला, जिथे माती वीतभर आणि तिच्याखाली नुसता कातळ, तिथे नांदरुकीचं एक प्रचंड झाड होतं. नांदरूक ही वडाच्याच कुळातली, पण वडासारखा पारंब्यांचा पसारा मांडत नाही. हे झाड कुणी लावलं नव्हतं. त्याला कुणी पाणीही घालत नव्हतं. पण ही दुसरी गोष्ट गावाच्या ध्यानात येण्यासाठी एक दुष्काळ पडावा लागला.

त्या वर्षी पाऊस आला तो पाहुण्यासारखा. उंबऱ्यात उभा राहिला, पाणीही न घेता निघून गेला. माघात गवत गेलं, फाल्गुनात बाभळी खराट्यासारख्या झाल्या, डोह आटत आटत कुंडाएवढा उरला. घरटी एक घागर हे माप ठरलं. आणि चैत्र लागताच, सगळा डोंगर भाजून निघत असताना, नांदरुकीला नवी पालवी फुटली. साधीसुधी नव्हे, तुपात तळल्यासारखी चकचकीत. पाखरं तिथे येऊन बसू लागली आणि गाव त्या झाडाकडे संशयानं पाहू लागलं.

निंबाजी पाटलानं हैबतीला पारावर बोलावलं. पाटील मनाचा वाईट नव्हता. त्याला फक्त विचार करायची सवय होती, आणि एकदा विचार सुरू झाला की तो थांबवायला घरात एकट्या ठकूआत्या होत्या. ठकूआत्या म्हणजे पाटलाच्या बापाची विधवा बहीण. त्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं.

"हैबत्या," पाटील म्हणाला, "ते झाड पानी पितंय का न्हाई?"

"पीत आसंल की, पाटील. त्याबिगर हिरवं कसं ऱ्हाईल?"

"माथ्यावर पानी हाय?"

"न्हाई."

"मंग ते खालनं आलं म्हनायचं."

"आलं म्हनायचं."

"खालनं वर पानी आननारा गावात कोन हाय?"

हैबतीनं इमानानं विचार केला. दुसरं कुणी आठवेना. "मी," तो म्हणाला.

युक्तिवादातली एकही पायरी निसटलेली नव्हती. इतक्या काटेकोर रीतीनं इतका चुकीचा निष्कर्ष कातळमाथ्यावर पुन्हा काढला गेला नाही, असं म्हणतात.

"आमची पोरं घोटभर पान्यासाठी रडत्यात, आन् तू झाडं शिंपतोस," पाटील म्हणाला. "मी सोत्ता बगितलंय. डोहावर पखाल टम्म आसती. वर यीपतुर तिचं गाल बसत्यात. मधलं पानी जातं कुटं?"

"पखाल घाम गाळती, पाटील. कातडं हाय ते."

"घाम तू गाळायचा. पखाल कशाला गाळंल?"

पारावरचे पंच हसले. हैबती मात्र शपथेवर सांगत राहिला की त्यानं त्या झाडाला आजवर चूळसुद्धा टाकलेली नाही. शेवटी पाटलानं न्याय दिला, आणि त्याच्या मते तो उदार न्याय होता. झाडाला हैबती पाणी घालत नसेल तर दुसरा कुणीतरी घालत असणार. त्या दुसऱ्याला हैबतीनं अक्षय्यतृतीयेपर्यंत पंचांपुढं उभं करावं. तसं झालं नाही तर चोर हैबतीच. मग त्यानं पखाल खाली ठेवायची. पायथ्याच्या वाडीचा पखाली दोन तरण्या रेड्यांसह यायला एका पायावर तयार होता.

हैबती घरी आला तो काळवंडून. साळूनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "माज्या हद्दीत दुसरा पखाली. मला न इचारता."

"तुमास्नी चोर म्हनलं त्याचं काय न्हाई व्हय?" साळू म्हणाली.

"ते हायच. पर धंद्याची एक रीत आसती का न्हाई? निदान येऊन रामराम तरी घालायचा."

पखाल्यांची ही रीत होतीच. दुसऱ्याच्या गावात पाणी वाहायचं तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागे. त्यामुळे हैबतीला आरोपापेक्षा हा अपमान अधिक झोंबला, आणि तो त्या दुसऱ्याला शोधायला निघाला तो आरोपी म्हणून नव्हे, तक्रारदार म्हणून.

त्यानं आपल्या धंद्याच्या अनुभवानं शोध सुरू केला. सांडल्याबिगर पाणी चढत नाही, हा त्याच्या बापानं दिलेला पहिला धडा. कितीही कसबी पखाली असो, चढणीवर ओलीची एक रेघ मागे राहतेच. हैबतीनं झाडाभोवतीची जमीन पाहिली. कोरडी. खोड हातानं चाचपलं, सालीच्या भेगांत बोटं घातली. कोरडं. तो बराच वेळ झाडासमोर उभा राहिला.

"एक थेंब सांडंना," तो साळूला म्हणाला. "गडी माज्यापरास चांगला हाय."

मग त्याला वाटलं, ज्या अर्थी बाहेर खूण नाही, त्या अर्थी गडी आतून जात असणार. त्यानं खोडाला कान लावला. आत गुडगुड ऐकू आली. त्यानं साळूला बोलावून ऐकवलं. साळूनं एक कान झाडाला लावला, मग दुसरा नवऱ्याच्या पोटाला लावला आणि भाकरी वाढायला घरी निघून गेली.

हैबतीनं बुंध्याशी उकरून पाहिलं. जाड मुळांना बारीक मुळं फुटलेली, बारीक मुळांना त्याहून बारीक, आणि शेवटी केसाएवढाले तंतू कातळाच्या फटीत शिरून खाली दिसेनासे झालेले. हा डोंगर आतून चिरांनी भरलेला आहे आणि पावसाचं पाणी त्या चिरांत खोलवर वर्षानुवर्षं मुरून राहतं, हे हैबतीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला एवढंच कळलं की वाट इथून आहे. पण एवढ्या अरुंद वाटेनं, एवढ्या उंच, एवढं पाणी रेटायचं म्हणजे खाली केवढा दांडगा गडी बसलेला असला पाहिजे. आणि दांडगा गडी केसाएवढ्या फटीत मावणार कसा? इथे त्याची अक्कल थांबली. तिथून पुढे सुभेदारानं वाट दाखवली, असं म्हणतात.

झालं असं की चढणीच्या मधल्या वळणावर सुभेदार बसला. भरल्या पखालीसकट बसला. हैबतीनं त्याला शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग मागे जाऊन खांदा लावून रेटलं. रेडा इंचभरही हलला नाही. उलट, मागून टेकू मिळाल्यामुळे त्यानं अंग अधिक सैल सोडलं. गावातली माणसं कड्यावर येऊन पाहू लागली. पखालीतलं पाणी तापत होतं.

साळू वरून आली. तिच्या हातात नांदरुकीची एक डहाळी होती. वाटेत मोडून घेतली होती. ती वळणाच्या वरच्या अंगाला उभी राहिली आणि डहाळी नुसती हलवली. सुभेदारानं मान उचलली. मग पुढचे पाय. मग मागचे. आणि पखालीसकट, हैबतीसकट, तो डहाळीमागे चालू लागला. साळू मागे सरकत गेली आणि रेडा वर येत गेला.

"जल्माचं रेडं हाकलं तुमी," ती नवऱ्याला म्हणाली, "आन् एवडं ठावं न्हाई? खालनं रेटून कोन वर जातं व्हय? वर कायतरी वडनारं लागतंय."

हैबती जागच्या जागी उभा राहिला. मग त्यानं मान वर करून नांदरुकीकडे पाहिलं. बुंध्याकडे नव्हे, शेंड्याकडे, जिथे पानं उन्हात चमकत होती.

आता या गोष्टीतलं जे खरं आहे ते नीट सांगून टाकलेलं बरं. झाडात पाणी मुख्यतः वरूनच ओढलं जातं. पानाच्या अंगावर, बहुधा खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. ऊन तापलं की त्यांतून पाणी वाफ होऊन निघून जातं. जाणारा कण मागच्या कणाला ओढतो, मागचा त्याच्या मागच्याला. पाण्याचे कण एकमेकांना सहजासहजी सोडत नाहीत. त्यामुळे पानापासून मुळापर्यंत केसाहून बारीक असे पाण्याचे अखंड धागे झाडात ताणून उभे असतात. खाली दांडगा गडी कुणी नसतो. हैबतीला यातला फक्त शेवटचा भाग कळला होता, आणि तोही रेड्याकडून.

तो पारावर गेला आणि म्हणाला, "पाटील, गडी घावला. झाडाच्या आत हाय. आन् वरनं वडतोय."

"मंग हजर कर," पाटील म्हणाला.

"त्याला भाईर यायला सवड न्हाई. पर त्यानं आनल्यालं पानी दावतो. मानूस न्हाई घावला तर मानसाची घागर दावावी, ही बी रीत हाय."

हैबतीची योजना सोपी होती. पाणी कुठून निघतं ते दिसत नसेल, तर जिथे पोचतं तिथे ते पकडायचं. रिकामी पखाल झाडावर नेऊन तिच्या तोंडातून एक पानांनी भरलेली फांदी आत सारायची, तोंड फांदीभोवती आवळायचं आणि संध्याकाळी सोडून पाहायचं.

या वेळी ठकूआत्यांचं डोकं दुखत नव्हतं. त्यांनी सगळी सूत्रं हातात घेतली. पखाल उन्हात इतकी वाळवून घेतली की ती दारासारखी उभी राहू लागली. मग आत खांद्यापर्यंत हात घालून कानाकोपरा चाचपला. हैबतीला झाडापासून लांब, पारावर, साळूसमोर बसवलं. पखाल चढवायला पाटलाच्याच घरचा गडी पाठवला. तोंडाला मेण लावून वर आपल्या हातानं वळलेली सुतळी बांधायला लावली, आणि ती गाठ आपल्याशिवाय कुणाला सुटणार नाही असं जाहीर केलं. शेवटी भाच्याला म्हणाल्या, "निंबा, तू झाडाखाली बस. वर कोन चढलं तर तुला दिसंल, आन् तू घरात नसलास तर आमालाबी जरा इसावा."

दिवसभर ऊन असं तापलं की कातळावर पाय ठेववेना. पाटील सावलीत बसून राहिला. झाडाखाली गार वाटतं हे त्यालाही कबूल करावं लागलं. संध्याकाळी पखाल उतरवली. ठकूआत्यांनी गाठ ओळखली, सोडली आणि पखाल कलती केली.

पाणी आलं.

किती आलं, याबद्दल मात्र गावात एकवाक्यता नाही. पाटलाच्या घराण्यात सांगतात की चूळ भरण्यापुरतं होतं. त्यानंतरच्या पिढीत ते तांब्याभर झालं. हल्ली उत्सवात जे सांगतात त्यानुसार पखाल तट्ट फुगली होती आणि तिच्या भारानं फांदी जमिनीला टेकली होती. जशी गावची लोकसंख्या वाढली तसं पाणीही वाढलं. कातड्याच्या अंधारात पानं आपली छिद्रं बऱ्याच अंशी मिटून घेतात, हे ध्यानात घेतलं तर चूळभर हेच माप विश्वासार्ह आहे. ठकूआत्यांनी ते बोटानं जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "पाल्याची चव हाय. डोहाचं न्हाई ह्ये."

चोरीचा आळ त्या क्षणी फिटला. हैबती उभा राहिला, साळूनं पदर सारखा केला, आणि दोघं आता घरी जाणार एवढ्यात पाटलाला पुन्हा विचार आला.

"हैबत्या, तू चोर न्हाईस, मान्य," तो म्हणाला. "पर झाड जर सोत्ताच पानी वर आनतंय, तर तुजी काय गरज? झाड बलुतं मागत न्हाई. झाडाला रेडा लागत न्हाई. चढनीवर बसतबी न्हाई."

पंचांनी माना डोलावल्या. यातही पायरी चुकलेली नव्हती. हैबतीनं आपल्या सुटकेसाठी उभा केलेला साक्षीदार त्याचीच जागा घेऊन बसला.

घरी साळू एवढंच म्हणाली, "दुसरा पखाली धुंडा म्हनलं व्हतं. त्याला कामावर लावा कोन म्हनलं?"

दुसऱ्या दिवसापासून कातळमाथ्यावर जे सुरू झालं त्याला तोड नाही. ज्याच्याकडे जे कातडं होतं ते घेऊन तो झाडावर चढला. तेलाचे बुधले आले, पिठाचे चामडी खलते आले, गुरवानं फुटक्या नगाऱ्याचं कातडं शिवून आणलं. पाटलानं पायथ्याच्या मळ्यातली विहीर आटल्यामुळे रिकामी पडलेली मोट चढवली. नांदरूक लांबून खाटकाच्या दुकानासारखी दिसू लागली. मग फांद्यांवरून भांडणं लागली. उगवतीच्या फांद्यांना आधी ऊन लागतं म्हणून त्या मानकऱ्यांनी घेतल्या. मावळतीच्या गरिबांना आल्या. एका सुनेनं वाटणीत आलेली फांदी माहेरच्या नावे करायचा प्रयत्न केल्याचंही सांगतात.

पहिल्या संध्याकाळी कुणाला चूळभर मिळालं, कुणाला वाटीचा तळ ओला झाला. पाटलाच्या मोटेत पाणी शोधायला हात घालावा लागला, आणि हात ओलसर निघाला तो पाण्यानं की घामानं हे ठरेना. पाटील म्हणाला, झाडाला अजून सवय व्हायचीय. दुसऱ्या संध्याकाळी आणखी कमी. पोरं रडू लागली. बायका घागरी घेऊन डोहाची वाट उतरू लागल्या आणि चढताना वळणावर बसू लागल्या, सुभेदार बसायचा त्याच जागी. तेव्हा त्यांना रेड्याचं म्हणणं पटलं, असं म्हणतात.

हैबतीला हाक मारावी असं सगळ्यांच्या मनात होतं, पण पहिली हाक कुणी मारायची हे ठरत नव्हतं. हैबती दारात बसून राही. त्याला बलुत्याची चिंता होती, सणाच्या तांब्याची होती. पण चौथ्या की पाचव्या दिवशी तो उठला तो त्यामुळे नव्हे. वाऱ्यानं त्याच्या अंगणात नांदरुकीचं एक पान आणून टाकलं. ते काळं पडलं होतं.

तो झाडापाशी गेला. कातड्यात कोंडलेली पानं गळून आत कुजत होती. मोटेच्या भारानं तिची फांदी उलली होती. उरलेली पालवी माना टाकून होती. हैबतीनं खोडावर हात ठेवला. जे बोलला ते कुणी ऐकलं नाही. पण तो तडक घरी आला, पखाल घेतली आणि डोहाकडे उतरला.

वर येताना सुभेदार एकदाही बसला नाही, असं म्हणतात. हे या कथेतलं सगळ्यात मोठं आश्चर्य मानलं जातं.

पखाल गावात शिरली तशी माणसं घरांतून बाहेर आली. हातात घागरी, हंडे, वाट्या. हैबती कुणाच्याच दारात थांबला नाही. सगळं गाव त्याच्या मागे, आणि पुढे पखालीतून झिरपणारं पाणी थेंबाथेंबानं धुळीत पडत चाललेलं. तो थेट नांदरुकीपाशी गेला. पखालीचं तोंड सोडलं. आणि तहानलेल्या गावाच्या डोळ्यांदेखत सगळंच्या सगळं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं.

कातळानं ते पाहता पाहता पिऊन टाकलं.

"हैबत्या," पाटील म्हणाला, "ह्ये काय केलंस?"

"तुमी म्हनला व्हता त्येच," हैबती म्हणाला. "तवा केलं नव्हतं. आता केलं. घाला आळ."

पाटलानं रिकाम्या पखालीकडे पाहिलं.

"तुमी त्याच्या दारात पखाली टांगल्या," हैबती पुढे म्हणाला. "त्यानं एक एक थेंब एवड्या वर न्यायचा, आन् तुमी तो पानाच्या तोंडातनं काडायचा. आवो, तो त्याच्या घरचा पखाली हाय. त्याला त्याची पानं हाईत. एवडी तोंडं वर बसल्यात आ वासून. तुमची तोंडं माज्याकडं व्हती."

ठकूआत्या पुढे झाल्या. त्यांनी वर पाहून आपल्या घरच्या गड्याला हाक मारली, "माजा बुधला उतरीव." मग भाच्याकडे वळल्या. "आन् तुजी मोट तू सोत्ता उतरीव, निंबा. गाठ तूच मारली हाईस."

पाटील झाडावर चढला. उतरला तेव्हा त्याच्या पगडीत कुजलेली पानं अडकली होती. "काम तुजं," तो हैबतीला म्हणाला. "बलुतं, तांब्या, समदं. चोर म्हनलो, ते चुकलं. माफी मागू?"

"माफी घिऊन काय करू? ती काय पखालीत भरायची हाय?" हैबती म्हणाला. "एक घागर आना. डोहातनं. सोत्ता."

पाटलानं जन्मात डोंगरावर पाणी चढवलं नव्हतं. तो घागर घेऊन उतरला तेव्हा गावातली निम्मी माणसं कड्यावर बसली होती, आणि तो चढू लागला तेव्हा उरलेली निम्मी. पहिल्या वळणावर त्यानं घागर डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतली. मधल्या वळणावर तो बसला. खडीवर त्याचा पाय घसरला. माथ्यावर पोचला तेव्हा त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

हैबतीनं घागरीत डोकावून पाहिलं. पाणी निम्म्यावर आलं होतं.

"पाटील," त्यानं अदबीनं विचारलं, "उरल्यालं कुनाच्या झाडाला घातलंत?"

आधी साळू हसली. मग ठकूआत्या. मग सगळं गाव असं हसलं की खालच्या वाडीचा पखाली, जो दोन रेडे घेऊन निघण्याच्या तयारीत होता, त्यानं ते ऐकलं आणि वर काहीतरी भलतंच झालेलं दिसतंय असं म्हणून रेडे परत गोठ्यात बांधले. शेवटी पाटीलही हसला. दम लागलेला होता म्हणून जरा उशिरा. त्या संध्याकाळी सुभेदार पुन्हा डोहाला गेला, आणि पखालीचं पाणी घरोघर पोचलं.

हैबती पुढे फार वर्षं जगला. म्हातारपणी एका दुपारी तो नांदरुकीपाशी गेला, केसाएवढ्या मुळाच्या वाटेनं आत उतरला आणि आपल्या सोबत्याच्या हाताखाली कामाला लागला. म्हणूनच ते झाड त्यानंतर आणखी दोन पुरुष उंच झालं, असं म्हणतात. तो घरातच, खाटेवर, साळूशी भांडता भांडता गेला, असं साळूच्या माहेरची माणसं सांगतात. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ते ऐकायला कातळमाथ्यावर कुणी थांबत नाही.

आता कातळमाथ्यावर विजेच्या मोटारीनं पाणी चढतं. ते टाकीत पडतं, टाकीतून नळाला येतं. पण अक्षय्यतृतीयेला मोटार बंद ठेवतात. त्या दिवशी मोटार चालवणारा माणूस, मग तो कोणत्याही घरचा असो, नांदरुकीच्या सावलीत घोंगडीवर बसतो आणि दिवसापुरतं त्याला हैबती म्हणतात. बाकी सगळं गाव कळश्या घेऊन डोहाला उतरतं. सरपंच पहिले. ज्यांची पोरं शहरात आहेत ते पोरांना बोलावून घेतात. एकेकजण धापा टाकत वर येतो, कळशी त्याच्यापुढं ठेवतो, आणि हैबती आत डोकावून पाहून तोच प्रश्न विचारतो. खरं उत्तर द्यायचं नाही, अशी प्रथा आहे. गेल्या वर्षी पोस्टमास्तरांनी उरलेलं पाणी विहिणीच्या तुळशीला घातल्याचं सांगितलं, आणि त्यांच्या घरात तो विषय अजून मिटलेला नाही.

सगळ्या कळश्या आल्या की हैबती उठतो. एका कळशीतून ओंजळभर पाणी आधी स्वतः पितो. बाकीचं बुंध्याशी ओततो, खोडाला हात लावतो आणि हळू आवाजात सांगतो, "हितवर आमी आनलं. म्होरलं तुज्याकडं."

मग थट्टा थांबते. सगळे मान वर करून पानांकडे पाहत उभे राहतात. ऊन ऐन भरात असतं. दिसत काहीच नाही. पाणी चढत असतं.